नागपुरात राहून, हातातली नोकरी न सोडता, गुपचूप दुसरी नोकरी कशी शोधायची

नागपुरात नोकरी बदलायची म्हटलं की पहिली अडचण ही, की इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. विमानतळाजवळच्या मिहान उद्योग-आयटी पट्ट्यात तुमची मुलाखत घेणारा माणूस रामदेवबाबा किंवा वायसीसीई इंजिनीअरिंग कॉलेजात तुमच्याच मॅनेजरच्या बॅचला निघतो. बुटीबोरीच्या प्लान्टचा एचआर आणि हिंगण्याच्या प्लान्टचा एचआर यांनी आधी कुठेतरी एकत्र काम केलेलं असतं. बायकोची मावसबहीण बॉसच्या सोसायटीत राहते. भरतीच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की इथे बातमी पोर्टलवरून कमी आणि आयटी पार्कच्या ठेल्यांवरून जास्त फुटते. कुठली सेटिंग बंद करायची हे खाली सांगतोच, पण माणसं कशी सांभाळायची यावर जास्त बोलणार आहे.

दुसरी नोकरी शोधणं गुन्हा नाही आणि गद्दारीही नाही. माणसं कमी करायची असतात तेव्हा कंपनीही सहा महिने आधी सांगत नाही. फक्त तुमचा शोध कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या लॅपटॉपवर आणि कंपनीच्या माहितीच्या जोरावर होऊ नये, एवढी रेघ पाळा. मग उद्या कोणी तोंडावर विचारलं तरी गडबडायचं कारण उरत नाही.

सुरुवात कपाटातल्या फाइलपासून

पोर्टल उघडायच्या आधी अपॉइंटमेंट लेटर काढा. रुजू होताना ते कोणी वाचत नाही, आता वाचा. नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे, ६० की ९०? पैसे भरून तो कमी करता येतो का, आणि ते कोणाच्या मर्जीवर आहे? बऱ्याच लेटरमध्ये ‘कंपनीच्या संमतीने’ असे दोन शब्द मधेच घुसवलेले असतात. तसं असेल तर नुसते पैसे टाकून निघता येत नाही. जॉइनिंग बोनस, रिलोकेशनचे पैसे, ट्रेनिंगचा खर्च यांपैकी काही ठरावीक मुदतीआधी सोडल्यास परत करायचं आहे का, तेही बघा.

‘सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशी अट दिसली की लोक घाबरतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे माणसाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. त्यामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी अट कोर्टात सहसा टिकत नाही. नोकरीत असेपर्यंतची बंदी मात्र टिकते, आणि कंपनीची गुपितं बाहेर न नेण्याची अट सोडल्यानंतरही बांधून ठेवते. बॉण्डलाही नुसता कागद म्हणून उडवून लावू नका. विजया बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांआधी सोडल्यास २ लाख रुपये भरायची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध धरली. तुमच्या बॉण्डची रक्कम मोठी असेल तर वकिलाला लेटर एकदा दाखवा. तो तुमच्या कंपनीचाच वकील नाही ना, हे आधी बघा. नागपुरात हेही होतं.

मग तारखा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात. हिशेब असा: शेवटचा महिन्याचा बेसिक आणि डीए गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ३०,००० असेल तर ५ वर्षांचे साधारण ८६,५०० रुपये होतात. तुम्हाला ४ वर्षं ९ महिने झाले असतील तर शोध थांबवायची गरज नाही, कारण नोटीसचे ९० दिवसही नोकरीतच मोजले जातात. शेवटचा दिवस ५ वर्षांच्या पलीकडे पडतोय ना, एवढं कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. नवी कंपनी ‘नोटीस आम्ही विकत घेतो, लवकर या’ म्हणाली तर हाच आकडा तिच्यापुढे ठेवा.

बोनसचंही तसंच. बऱ्याच कंपन्यांत पैसे खात्यात पडतात त्या दिवशी तुम्ही नोकरीत असायला लागता, आणि काही ठिकाणी राजीनामा दिलेला नसायला लागतो. मार्च-एप्रिलचं अप्रेझल आणि दिवाळीचा बोनस बघून राजीनाम्याचा महिना ठरवा, आणि शोध त्याच्या तीन-चार महिने आधी सुरू करा. घरात बाळाचा विचार चालू असेल तर बाईने एक आकडा लक्षात ठेवायचा: मातृत्व रजेच्या पगारासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं.

वेकोलि, मॉइल या सरकारी खाण कंपन्यांत, रेल्वेत किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर गुपचूपचा रस्ता लवकर संपतो. दुसऱ्या सरकारी जागेसाठी अर्ज कार्यालयामार्फत किंवा ना हरकत प्रमाणपत्र घेऊन करावा लागतो. त्यांनी आधी आस्थापना शाखेचे नियम बघावेत. पुढचं सगळं खासगी नोकरीवाल्यांसाठी आहे.

कोणाला सांगायचं

जोडीदाराला सांगा. पैशाचा आणि गावाचा निर्णय दोघांचा असतो, आणि संध्याकाळी खोलीचं दार लावून तुम्ही तासभर कोणाशी बोलता हा प्रश्न घरात उठण्यापेक्षा ते बरं. आईबाबांच्या बाबतीत थोडा धीर धरा. त्यांच्याकडून धोका कौतुकाचा असतो. ‘आमच्या मुलाला पुण्याहून फोन आला होता बाप्पा’ हे वाक्य त्रिमूर्तीनगरच्या बागेत सकाळी फिरताना एकदा बोललं गेलं की दुपारपर्यंत ते कुठे पोचलं असेल सांगता येत नाही. ऑफर हातात आल्यावर त्यांना पेढे द्या.

ऑफिसात कोणालाही सांगू नका. जिवलग मित्रालाही नाही. तो वाईट असतो म्हणून मी हे म्हणत नाही. पुढच्या प्रोजेक्टला माणसं ठरवताना मॅनेजर त्यालाच विचारणार, ‘तो आहे ना वर्षभर?’ तेव्हा त्याने काय करायचं? खोटं बोलायचं की तुम्हाला उघडं पाडायचं? आणि ‘आपण चौघं मिळून बघू’ अशी टोळी तर कधीच करू नका. एकाला ऑफर आली की बाकीच्या तिघांची नावं आपोआप निघतात. मिहान-बुटीबोरीच्या कंपनी बसमध्ये, मेट्रोत खापरीपर्यंतच्या गप्पांत, दुपारच्या चहाला या विषयावर तुम्ही नुसते ऐकणारे राहा. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोणाकडे ओपनिंग आहे का’ असं टाकणं तर चौकात फलक लावण्यासारखं आहे.

आता कामाचा भाग. एक कागद घ्या आणि नागपुरात तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्या लिहा. आयटीत असाल तर टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, टेक महिंद्रा, पर्सिस्टंट, ग्लोबललॉजिक अशी यादी लगेच तयार होते. कारखान्यात असाल तर बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर एमआयडीसीची. प्रत्येक नावासमोर दोन गोष्टी लिहा: तुमच्या कंपनीतून तिथे कोण गेलं, आणि तुमच्या बॉसचं तिथे कोण आहे. हे लिंक्डइनवर अर्ध्या तासात कळतं. जिथे बॉसचा जुना सहकारी बसलाय ती कंपनी यादीत शेवटी ठेवा. पुणे, हैदराबादच्या कंपन्या आणि घरून काम देणाऱ्या कंपन्या आधी घ्या. दोन-तीन मुलाखती होऊन हात बसला, बाजारात आपला भाव काय हे कळलं, की मग गावातल्या कंपन्यांकडे वळा. धोका पत्करायचाच असेल तर तो शेवटच्या टप्प्यात पत्करलेला बरा.

ओळखीने रेफरल मागताना लोक संकोचून अर्धंच बोलतात, आणि समोरचा उत्साहाने नको तिथे नाव टाकतो. सरळ लिहा: ‘दादा, तुमच्याकडे क्वालिटीमध्ये जागा आहे असं दिसलं. मला रस आहे. आमच्याकडे अजून कोणाला माहीत नाही, म्हणून नाव टाकण्याआधी ही जागा कोणाच्या टीममध्ये आहे ते मला सांगाल का? आणि आमच्या ऑफिसातल्या कोणाकडे कृपया माझ्याबद्दल विचारू नका.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नव्वद टक्के चांगल्या मनाची माणसं ‘जरा चौकशी करतो’ म्हणून तुमच्याच मॅनेजरला फोन लावतात. नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, पण दुखणं खरं आहे.

फोन आणि लॅपटॉप

कंपनीच्या लॅपटॉपवर कुठली साइट उघडली, कुठली फाइल कुठे गेली हे आयटी विभागाला दिसू शकतं. रोज कोणी बघत बसत नाही, पण संशय आला की काढून बघतात. म्हणून रेझ्युमे त्यावर लिहायचा नाही, ऑफिसच्या प्रिंटरवर काढायचा नाही, आणि ऑफिसच्या वाय-फायवर स्वतःच्या फोनवरूनही पोर्टल उघडायचं नाही. ऑफिसच्या क्रोममध्ये तुमचं खासगी जीमेल लॉगिन असेल तर आजच काढा. सिंक चालू असेल तर घरी उघडलेल्या साइट तिथेही येतात. मग मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून तुम्ही अ‍ॅड्रेस बारमध्ये एक अक्षर टाइप करता आणि खाली सूचना येते ती थेट नोकरीच्या पोर्टलची.

फोनची गंमत वेगळी. तो टेबलावर उताणा पडलेला असतो, वाजतो, आणि ट्रूकॉलर स्क्रीनभर दाखवतो: अमुक एचआर कन्सल्टंट्स. शेजारचा वाचतो, काही बोलत नाही, आणि चार वाजता चहाला सांगतो. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, कामाच्या वेळेत अनोळखी नंबर सायलेंटवर टाका, आणि एक उत्तर तयार ठेवा: ‘सध्या कामात आहे, सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर बोलू शकतो.’ शोधासाठी वेगळं ईमेल आणि जमलं तर वेगळं सिम घ्या. दर तासाला फोन घेऊन जिन्याकडे पळणारा माणूस सगळ्यात आधी नजरेत येतो.

याच टप्प्यावर सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, इन्क्रिमेंटची लेटरं स्वतःकडे उतरवून घ्यायला लागा. राजीनाम्यानंतर पोर्टल कधी बंद होईल सांगता येत नाही. ही तुमची कागदपत्रं आहेत. कंपनीची ड्रॉइंग, कोड, ग्राहकांची यादी, रेटशीट तुमची नाहीत. ‘नमुना म्हणून असू दे’ म्हणत स्वतःला मेल केलेली एक एक्सेल फाइल पुढे मोठं लफडं करू शकते.

नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन

नोकरी डॉट कॉमच्या सेटिंगमध्ये कंपनी ब्लॉक करायची सोय आहे. तिथे फक्त स्वतःच्या कंपनीचं नाव टाकून थांबू नका. गटातल्या बाकीच्या कंपन्या आणि ज्या क्लायंटकडे तुम्ही बसता तो, हेही टाका. तरीही कंपनीने नेमलेल्या कन्सल्टंटच्या नजरेला प्रोफाइल पडू शकतं, हे गृहीत धरा. नोटीस पिरियड खरा लिहा. ‘१५ दिवस’ लिहून फोन जास्त येतात, पण तिसऱ्या राउंडला ९० दिवस सांगितले की सगळ्यांचा वेळ वाया जातो आणि तुमचं नाव त्या रिक्रूटरकडे वाईट होतं.

लिंक्डइनवर काहीही बदलण्याआधी ‘प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवा’ हा पर्याय बंद करा. मग एका रात्रीत सगळं चकाचक करू नका; आठवड्याला थोडं थोडं. नवा फोटो, नवा सारांश, तीन नवी सर्टिफिकेटं आणि पन्नास नवे रिक्रूटर एकाच आठवड्यात जोडले गेले की कोणीही ओळखतो. ‘ओपन टू वर्क’ची हिरवी चौकट लावायची नाही, हे उघड आहे. फक्त रिक्रूटरना दिसेल असाही एक पर्याय आहे. तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून तो लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही. पुण्या-हैदराबादचं लक्ष्य असेल तर तो वापरा. नागपुरातच बदलायचं असेल तर मी तरी तो बंद ठेवायला सांगेन. इथले रिक्रूटर आहेत किती, आणि एकमेकांचे मित्र आहेत किती! दुसऱ्यांची प्रोफाइल बघताना प्रायव्हेट मोड लावा. जॉबच्या पोस्टखाली ‘इंटरेस्टेड’ लिहू नका, लाइकही करू नका. ते तुमच्या ओळखीच्यांच्या फीडमध्ये जाऊ शकतं. रिक्रूटरला थेट मेसेज करा.

रेझ्युमेबद्दल थोडक्यात: दोन पानं, क्लायंटची गुप्त नावं नाहीत, सध्याच्या साहेबांचं नाव संदर्भ म्हणून नाही. वर एक ओळ टाका: ‘गोपनीय, सध्याच्या कंपनीशी संपर्क करू नये.’ संदर्भासाठी आधीच्या कंपनीतला किंवा तुमच्या कंपनीतून बाहेर पडलेला वरिष्ठ गाठा आणि त्यांना आधी कल्पना द्या.

कन्सल्टंटशी बोलताना

‘नागपुरातील नामांकित कंपनीला पाहिजे’ अशी नाव नसलेली जाहिरात आली की जपा. ती नामांकित कंपनी तुमचीच असू शकते, आणि क्वचित ती जागाही तुमचीच. रेझ्युमे पाठवण्याआधी कंपनीचं नाव मागा. नाव देता येत नसेल तर क्षेत्र, ठिकाण आणि साधारण माणसं किती एवढं तरी विचारा. बुटीबोरीतला टायरचा कारखाना म्हटलं की नाव सांगायची गरज उरत नाही. ‘मला विचारल्याशिवाय माझा रेझ्युमे कुठेही पुढे पाठवू नका’ हे मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्या, म्हणजे पुरावा राहतो. एकाच कंपनीत दोन कन्सल्टंटकडून नाव गेलं तर त्यांच्या कमिशनच्या भांडणात तुमचा अर्ज बाजूला पडतो, म्हणून कोणाकडून कुठे नाव गेलं याची वही ठेवा.

खरा कन्सल्टंट पैसे कंपनीकडून घेतो. रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी अशा कुठल्याही नावाने तुमच्याकडे पैसे मागितले की फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर तितके ते परत मिळणं अवघड.

मुलाखतीची वेळ, जागा आणि कपडे

पहिले एक-दोन राउंड आता बहुतेक व्हिडिओवरच होतात. वेळ सकाळी ८-९ ची किंवा संध्याकाळी ७ नंतरची मागा. ‘मी सध्या नोकरीत आहे, कामाच्या वेळेत बोलणं मला योग्य वाटत नाही’ असं सांगितलं तर समजूतदार कंपनीला ते आवडतं. उद्या तुम्ही तिच्याकडेही असेच वागणार असता. कारखान्यात शिफ्ट असेल तर दुसऱ्या पाळीचा आठवडा या कामाला उत्तम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, तुमच्या ऑफिसला सुट्टी असेल तर तो दिवस वाया घालवू नका. पुण्या-बंगळुरूची ऑफिसं त्या दिवशी चालू असतात.

स्वतःचाच लॅपटॉप वापरा, आणि तो आदल्या रात्री तपासा. टीम्समध्ये ऑफिसचं अकाउंट चुकून लॉगिन राहिलं तर समोर नाव येतं कंपनीच्या आयडीसकट, आणि पार्श्वभूमीला कंपनीचा लोगो. घरात जागा नसेल तर एखाद्या मित्राचं घर बघा. पार्किंगमधल्या गाडीत बसून मुलाखत देणारे खूप भेटतात. जानेवारीत चालेलही. मे महिन्यात ४५ अंशांत काचा बंद करून बसलात तर दुसऱ्या प्रश्नाला कपाळावरून धारा लागतात, आणि एसी चालू ठेवला तर इंजिनाची घरघर ऐकू जाते. धरमपेठ-रामदासपेठच्या कॅफेत तर नकोच. शेजारच्या टेबलावर कोणीतरी ओळखीचं निघतंच.

प्रत्यक्ष जायचं असेल तर सरळ अर्धी रजा टाका. कारण एकच: ‘घरचं काम आहे.’ ते खरंही असतं. आजी आजारी, मुलगा पडला, गाडी पंक्चर अशा गोष्टी रचू नका. रचलेली गोष्ट पुढच्या वेळी आठवावी लागते, आणि नागपुरात तुमची आजी परवा बर्डीवर साडी घेताना दिसलेली असते. तीन राउंड तीन वेगवेगळ्या दिवशी बोलावत असतील तर एका दिवशी लावायची विनंती करा. रजा सलग शुक्रवारी किंवा सोमवारी टाकू नका.

कपड्यांची गोष्ट बारीक आहे, पण माणूस पकडला जातो तो त्यावरूनच. एरवी टी-शर्टवर येणारा एखाद दिवशी इस्त्रीचा निळा शर्ट आणि चकचकीत बूट घालून आला की पाच जण विचारतात, ‘काय भाऊ, कुठे इंटरव्ह्यू का?’ बुटीबोरीत एक सुपरवायझर होते. कंपनीचा युनिफॉर्म घालूनच घरून निघायचे. ॲक्टिव्हाच्या डिक्कीत घडी न मोडता गुंडाळलेला शर्ट आणि पिशवीत बूट. मुलाखत संपली की पुन्हा युनिफॉर्म, आणि दुसऱ्या पाळीला वेळेवर हजर. ऑफिसवाल्यांनी महिनाभर आधीपासून मधूनमधून फॉर्मल घालायला सुरुवात करावी, म्हणजे डोळ्यांना सवय होते.

पुण्याची मुलाखत शनिवारी असेल तर शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघता येतं. पण रवीनगर चौकात बसची वाट बघताना सहकारी भेटणारच हे धरून चाला, आणि पुण्याला नातेवाईक असतील तर त्यांच्यासाठी संत्रा बर्फीचा डबा हातात ठेवा. ‘मावशीकडे चाललोय’ म्हटलं की विषय संपतो, मात्र मावशीकडे जाऊनही या.

साहेबांनी विचारलंच तर

एवढं करूनही कधी कधी केबिनमध्ये बोलावणं येतं. ‘ऐकलं की तू कुठे बघतोयस?’ यावर ‘छे छे, कोण म्हणालं?’ असं ठाम खोटं बोलू नका, कारण महिन्याने तुम्ही राजीनामा देणार आहात आणि रिलिव्हिंग लेटर याच माणसाच्या सहीने निघणार आहे. सगळं ओकूनही टाकू नका. मी लोकांना असं बोलायला सांगतो: ‘सर, फोन येतात तसे सगळ्यांनाच येतात. काही ठरलेलं नाही. पण तुम्ही विचारलंच म्हणून सांगतो, दोन वर्षं पगार आणि काम तिथेच आहे, त्यावर मला तुमच्याशी बोलायचं होतं.’ प्रश्न पुन्हा त्यांच्या कोर्टात जातो. कधी त्यातून खरंच काही निघतं.

वाईट शक्यताही धरून ठेवा. करारात असेल तर कंपनीही नोटीस देऊन तुम्हाला काढू शकते. तीन महिन्यांचा घरखर्च आणि ईएमआय बाजूला ठेवूनच शोध सुरू करा. या काळात काम एक पैसाही कमी करू नका.

ऑफर आली, अजून बोलू नका

फोनवरच्या ‘यू आर सिलेक्टेड’ वर राजीनामा द्यायचा नाही. एचआरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही नाही. कंपनीच्या अधिकृत मेलवरून सही असलेलं ऑफर लेटर हवं, त्यात पद, पगाराची फोड, ठिकाण आणि रुजू व्हायची तारीख हवी. ‘मिहान’ असं तोंडी सांगून लेटरमध्ये ‘भारतात कुठेही’ असेल तर विचारा.

पगाराची फोड नीट सोडवा. समजा १२ लाखांचा सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, त्यात बेसिक ५० टक्के म्हणजे ६ लाख. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ७२,००० त्यातलेच. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे २८,८६०, तीही त्यातलीच. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, सीटीसीच्या १० टक्के, १,२०,००० रुपये, वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. तुमचा पीएफ आणखी ७२,००० आणि व्यवसाय कर २,५००. उरतात साधारण ९,०४,६०० रुपये, म्हणजे महिन्याला हातात ७५,००० च्या आसपास. मनात तुम्ही एक लाख धरलेला असतो. पुण्याची ऑफर असेल तर यातून भाडं, डिपॉझिट आणि दर महिन्याच्या नागपूरच्या फेऱ्या वजा करा. स्वतःच्या घरात राहून धरमपेठेतून मेट्रोने कामाला जाणाऱ्याला २० टक्के वाढीवर पुण्याला जाणं कित्येकदा तोट्याचं पडतं. मुलांची शाळा, म्हातारे आईबाबा हे तर आकड्यात बसतच नाही.

पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म येईल तेव्हा ‘सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क करू नये’ हा पर्याय शोधा, आणि नसला तर मेलवर लिहून कळवा. अशी चौकशी राजीनाम्यानंतर करणं सर्रास चालतं, त्यामुळे मागायला लाजू नका. यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरवर, कुठल्या कंपनीत किती महिने होता ते सगळं दिसतं, म्हणून मधली चार महिन्यांची नोकरी लपवायच्या भानगडीत पडू नका.

राजीनामा आणि त्यानंतरचे कागद

साहेबांना आधी समोरासमोर सांगा, त्याच दिवशी मेल करा. मेल चार ओळींचा, तारीख आणि शेवटचा दिवस स्पष्ट. कंपनीबद्दलच्या तक्रारी त्यात नकोत. काउंटर ऑफर आली तर एक रात्र घ्या, पण माझं मत विचाराल तर पगार वाढवून थांबलेली माणसं वर्षभरात पुन्हा माझ्याच टेबलासमोर बसलेली मी पाहिली आहेत. ज्या कारणाने निघाला होतात ते पगाराचं असेल तरच विचार करा. कुठे जाताय हे मात्र शेवटच्या दिवसापर्यंत सांगणं बंधनकारक नाही. ‘रुजू झालो की नक्की सांगतो सर’ पुरे.

शेवटच्या दिवशी कंपनीचा मेडिक्लेम सहसा संपतो. आईबाबा त्यात असतील तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हे तो दिवस उजाडायच्या आधी विचारा, कारण नव्याने पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गृहकर्ज काढायचं असेल तर अर्ज नोकरी बदलण्याआधी करा किंवा नव्या ठिकाणच्या काही स्लिपा जमू द्या. आधीच्या कंपनीतला त्या वर्षाचा पगार नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोघंही तुम्हाला ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि खालचे स्लॅब पुन्हा पहिल्यापासून देतात, आणि रिटर्न भरताना एकदम कर निघतो.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. ५ वर्षांची सलग सेवा मोडली तर काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनला १० वर्षं मोजली जातात तीही तुटतात. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही म्हणून ट्रान्सफर अडकणं नेहमीचंच. दोन महिने वाट बघा. त्यानंतर यूएएनच्या पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’मध्ये जाऊन ती तारीख आधारच्या ओटीपीने तुम्हाला स्वतःच टाकता येते.